‘कशासाठी हे सगळं?’ हा प्रश्न म्हणजे आजार नव्हे

निकाल, प्लेसमेंट, ब्रेकअप, स्पर्धा परीक्षा... कारण काहीही असो, ‘या सगळ्याला अर्थ काय?’ असं कधी ना कधी वाटून जातंच. या प्रश्नालाच थेट हात घालणारी एक उपचारपद्धती आहे : अस्तित्ववादी मानसोपचार, म्हणजेच एक्झिस्टेन्शियल थेरपी. तिची मुळं शोधत गेलं, की गाठ पडते ती आपल्याच वयाच्या एका मेडिकलच्या विद्यार्थ्याशी.

गेल्या दिवाळीची गोष्ट. आजोळी सगळे जमले होते. फराळाची ताटं फिरत होती आणि ताटांबरोबर प्रश्नही. मला ‘मास कॉम म्हणजे टीव्हीवर दिसणार का गं?’, धाकट्याला ‘बारावीनंतर काय?’ आणि दादाला नेहमीचाच, ‘काय रे, निकाल कधी?’ दादा म्हणजे माझा मावसभाऊ. वय २७. इंजिनीअरिंग झाल्यावर पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. चार वर्षं झाली. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला, थोडक्यात हुकला.

त्या दिवशी तो ‘लागेल लवकरच’ म्हणाला आणि चहाचा कप घेऊन गच्चीवर गेला. मीही मागोमाग गेले. बराच वेळ फटाक्यांच्या आवाजात नुसतेच बसलो. मग तो म्हणाला, ‘अगं, सकाळी सातला अभ्यासिकेत जातो, रात्री दहाला परत येतो. खुर्चीवर माझं नाव चिकटवलंय. उद्या ती खुर्ची काढून घेतली ना, तर मी कोण आहे हे मलाच सांगता यायचं नाही.’

‘डिप्रेशन आलंय का तुला?’ मी विचारलं. हा शब्द आता आपल्या सगळ्यांच्या जिभेवरच असतो. तो म्हणाला, ‘माहीत नाही. झोप लागते, जेवतो, पुस्तक उघडलं की वाचतोही. फक्त कशासाठी, ते कळत नाही.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे इंटर्नशिप सुरू झाली आणि ‘मानसोपचाराच्या पद्धतींवर काहीतरी कर’ असं मला सांगण्यात आलं. सीबीटी, आरईबीटी अशा ओळखीच्या नावांच्या यादीत एक अनोळखी नाव दिसलं, एक्झिस्टेन्शियल थेरपी. नाव वाचून आधी घाबरलेच. अस्तित्ववाद म्हटलं की आपल्याला ‘कोसला’वरचे परीक्षेतले प्रश्न आठवतात. पण वाचत गेले तसतसं दादाचं गच्चीवरचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागलं. (त्याच्याबद्दल इथे जे लिहिलंय, ते त्याला विचारूनच लिहिलंय.)

प्रगतिपुस्तकाचे दिवस

१९२० चं दशक. पहिलं महायुद्ध हरलेला ऑस्ट्रिया आणि त्याची राजधानी व्हिएन्ना. साम्राज्य गेलेलं, महागाईनं लोकांचं कंबरडं मोडलेलं. मानसशास्त्राची मात्र ही तेव्हाची पंढरी होती. सिग्मंड फ्रॉइड याच शहरात राहायचे, आल्फ्रेड ॲडलरही इथलेच. व्हिक्टर फ्रँकल याच शहरात १९०५ मध्ये जन्मला.

तो शाळेत असताना विज्ञानाच्या सरांनी वर्गात सांगितलं, की जीवन म्हणजे शेवटी एक ज्वलनाची प्रक्रिया आहे, बाकी काही नाही. हा पोरगा ताडकन उभा राहिला. असं असेल तर आयुष्याला अर्थ तरी काय, असा त्यानं सरांनाच उलट प्रश्न केला. शाळकरी वयातच तो फ्रॉइडना पत्रं लिहायचा आणि फ्रॉइड त्याला उत्तरंही द्यायचे. पुढे तो ॲडलर यांच्या गटात गेला, तिथे मतभेद झाले आणि १९२७ मध्ये गटातून बाहेर काढला गेला. मग त्यानं स्वतःची वाट धरली.

ही वाट सुरू झाली ती तरुण मुलांपासून. १९२८ च्या सुमारास, स्वतः अजून मेडिकलचा विद्यार्थी असताना, फ्रँकलनं व्हिएन्नात आणि पाठोपाठ आणखी काही शहरांत तरुणांसाठी मोफत समुपदेशन केंद्रं उभी केली. तेव्हा त्याचं वय होतं जेमतेम २३. शार्लट ब्यूलर यांच्यासारख्या नावाजलेल्या मानसशास्त्रज्ञ या कामात त्याच्याबरोबर होत्या. १९३० साली त्यानं सत्र संपण्याच्या सुमारास, म्हणजे प्रगतिपुस्तकं हातात पडतात त्या दिवसांसाठी, खास मोहीम काढली. त्या वेळी कित्येक वर्षांत पहिल्यांदाच व्हिएन्नात एकाही विद्यार्थ्यानं आत्महत्या केली नाही, असं त्याच्या चरित्रात नोंदवलेलं आहे.

हे वाचताना मी थांबले. आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात ज्या बातम्यांची भीती वाटते, त्याच बातम्यांची भीती शंभर वर्षांपूर्वीच्या त्या शहरालाही वाटत होती. आणि त्यावर काहीतरी करायला उठलेला माणूस माझ्यापेक्षा एखाद्याच वर्षानं मोठा होता.

नोकरी नाही म्हणजे मी नाही?

१९२९ नंतर महामंदी आली. कारखाने बंद पडले, शिकलेली मुलं घरी बसली. अशा बेरोजगार तरुणांमध्ये एक ठरावीक प्रकारचं नैराश्य फ्रँकल यांना दिसायला लागलं आणि १९३३ मध्ये त्यांनी त्यावर एक लेख लिहिला. त्यांचं निरीक्षण असं होतं, की या मुलांच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलंय. नोकरी नाही म्हणजे माझा उपयोग नाही, आणि उपयोग नाही म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ नाही. ही दोन ‘म्हणजे’ तपासायला हवीत, असं त्यांना वाटलं.

मग त्यांनी या मुलांना बिनपगारी कामांना लावलं. कुणाला तरुणांच्या संघटनेत, कुणाला प्रौढांच्या शिकवणीत, कुणाला सार्वजनिक वाचनालयात. रिकामा वेळ कुणाच्या तरी कामी यायला लागला, तसं अनेकांचं नैराश्य ओसरलं. गंमत म्हणजे खिसा तेवढाच रिकामा होता आणि पोटातली भूकही तशीच होती. बदललं होतं ते फक्त गणित.

हे मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, ‘म्हणजे आमच्या पेठेतल्या अर्ध्या पोरांवर कुणीतरी १९३३ मध्येच लिहून ठेवलंय.’

इथे एक घोळ होऊ शकतो, तो आधीच निस्तरलेला बरा. ‘अर्थ शोधा, मग नोकरीची गरज नाही’ असं फ्रँकल म्हणत नव्हते. रोजगार नसणं हा सरकारचा, बाजाराचा, धोरणांचा प्रश्न आहे. जाहिराती निघत नाहीत, परीक्षा लांबतात, निकाल अडकतात, हे काही मुलांच्या मनाचे खेळ नाहीत. ते प्रश्न रस्त्यावर येऊन विचारायलाच हवेत. पण भरती होईपर्यंत माणसानं स्वतःला शून्य समजत राहावं का, हा दुसरा प्रश्न. मानसोपचार या दुसऱ्या प्रश्नावर काम करतो.

छावणीतली कसोटी

१९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत केला. फ्रँकल ज्यू होते. १९४१ मध्ये त्यांच्या हातात अमेरिकेचा व्हिसा पडला, पण म्हातारे आई-वडील मागे राहणार होते. त्यांनी व्हिसाची मुदत जाऊ दिली. १९४२ मध्ये आई-वडील आणि पत्नीसह त्यांची रवानगी थेरेजिएनश्टाटच्या छावणीत झाली आणि १९४४ मध्ये ते ऑशवित्झला पोचले. त्यांच्या पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित कोटात शिवलेलं होतं. कपडे काढून घेतले गेले, त्याबरोबर तेही गेलं. वडील, आई, भाऊ, पत्नी, कुणीच परत आलं नाही. ऑस्ट्रेलियाला गेलेली बहीण तेवढी वाचली.

शेवटच्या छावणीत टायफसच्या तापात असताना त्यांनी मिळतील त्या कागदाच्या चिटोऱ्यांवर ते हरवलेलं पुस्तक पुन्हा आठवून लिहायला घेतलं. एप्रिल १९४५ मध्ये सुटका झाली. त्याच वर्षी नऊ दिवसांत तोंडी सांगून त्यांनी छावणीच्या अनुभवांवर पुस्तक केलं. ते १९४६ मध्ये जर्मनमध्ये आलं. इंग्रजीत ते ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ या नावानं जगभर पोचलं आणि मराठीतही त्याचा अनुवाद झालाय.

त्यातली एक नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. छावणीत दोन माणसं जगण्याची आशा सोडून बसली होती. आयुष्याकडून आता आपल्याला काहीच मिळायचं नाही, असं दोघांचंही म्हणणं. फ्रँकल यांनी प्रश्न फिरवला. आयुष्य अजून तुमच्याकडून काय मागतंय? तेव्हा कळलं, की एकाचं लाडकं मूल परदेशात त्याची वाट बघतंय. दुसरा शास्त्रज्ञ होता आणि त्याची पुस्तकमाला अर्धवट राहिली होती. ते मूल दुसऱ्या कुणाला बाप म्हणणार नव्हतं आणि ती पुस्तकं दुसरं कुणी पुरी करणार नव्हतं. या पद्धतीला फ्रँकल यांनी नाव दिलं ‘लोगोथेरपी’. ग्रीक ‘लोगोस’ या शब्दाचा अर्थ त्यांनी इथे ‘अर्थ’ असाच घेतला.

या गोष्टीची आता मोटिव्हेशनल रील झालीय. पाठीमागे संगीत, वर ‘माइंडसेट बदला, जग बदलेल’. मूळ पुस्तकात इतकी स्वस्त गोष्ट नाही. कोण वाचलं आणि कोण गेलं यात नशिबाचा हात फार मोठा होता आणि जे सर्वांत चांगले होते ते परतले नाहीत, हे फ्रँकल यांनी स्वतःच कबूल केलंय. त्यांचा दावा छोटा होता. परिस्थिती आपल्या हातात नसते तेव्हाही तिच्यासमोर कसं उभं राहायचं, याची थोडी मोकळीक उरते. उपचार त्या थोड्या मोकळिकीवर होतो.

चार न टळणाऱ्या गोष्टी

अस्तित्ववादी मानसोपचार म्हणजे एकटे फ्रँकल नव्हेत. स्वित्झर्लंडमध्ये लुडविग बिन्सवांगर आणि मेडार्ड बॉस हे डॉक्टर रुग्णाकडे यंत्रातला बिघाड म्हणून न बघता त्याच्या अख्ख्या जगण्याकडे बघायला हवं, असं म्हणत होते. अमेरिकेत रोलो मे यांनी हा विचार नेला. त्यांना स्वतःला क्षयरोग झाला होता आणि दीड-दोन वर्षं त्यांनी आरोग्यधामात काढली होती. आपण वाचू की नाही याची खात्री नसताना त्यांनी चिंतेचा अभ्यास केला आणि १९५० मध्ये चिंतेवरच पुस्तक लिहिलं.

या सगळ्याची नीट मांडणी केली ती अर्विन यालोम या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी, १९८० च्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात. त्यांच्या मते माणसाच्या आयुष्यात चार गोष्टी कुणालाच टळत नाहीत. मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण आणि अर्थहीनता. वाचायला जड वाटतं ना? जरा कॉलेजच्या भाषेत घेऊ.

मृत्यू म्हणजे आजोबा गेल्यावर रात्री छताकडे बघत पडलेलो असताना पोटात पडलेला खड्डा. ‘मीपण जाणार’ हे पहिल्यांदा खरंच कळतं, तो क्षण.

स्वातंत्र्य ऐकायला छान वाटतं, पण निवडलेलं चुकलं तर दोष द्यायला कुणी उरत नाही. आर्ट्स की कॉमर्स, हे शहर की घर, हे नातं ठेवायचं की सोडायचं. म्हणून तर आपण कितीदा ‘घरचेच ऐकत नाहीत’ म्हणून सुटका करून घेतो. डेन्मार्कचा तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द यानं १८४४ मध्येच चिंतेची तुलना खोल दरीत डोकावल्यावर येणाऱ्या भोवळीशी केली होती. लोहगडाच्या कड्यावर उभं राहिलं की पाय का लटपटतात? पडण्याची भीती असतेच, पण पुढचं पाऊल टाकणं न टाकणं आपल्याच हातात आहे, हेही कळलेलं असतं.

एकटेपण म्हणजे व्हॉट्सॲपवर सतरा ग्रुप असूनही, आतलं नेमकं कुणालाच कळत नाही असं वाटणं. आणि अर्थहीनता म्हणजे दादाचं ‘कशासाठी?’

या चारही गोष्टी टाळण्यासाठी आपण काय काय करतो, त्यातून पुष्कळदा त्रास तयार होतो, असं ही पद्धत मानते. कुणी रात्रंदिवस कामात बुडतं, कुणी स्क्रोल करत बसतं, कुणी पिऊ लागतं, कुणी सगळे निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालतं. म्हणून थेरपिस्ट या प्रश्नांना लक्षण समजून पुसून टाकत नाही, त्यांच्याकडे बघायला सोबत बसतो.

मग सेशनमध्ये होतं काय?

मराठी वाचकांना अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी बऱ्यापैकी ओळखीची आहे. मुंबईतल्या कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली आणि तिच्यावर मराठीत पुस्तकंही आली. आरईबीटी किंवा सीबीटीमध्ये विचार तपासला जातो. ‘मी नापास झालो, म्हणजे मी निकम्मा’ हा विचार खरा आहे का, उपयोगाचा आहे का, त्याला पुरावा काय? बऱ्याचदा गृहपाठ असतो, तक्ते भरायचे असतात. अस्तित्ववादी पद्धतीत तक्ते फारसे नसतात. थेरपिस्ट लेबल लावण्याची घाई करत नाही. तुमचं जगणं तुमच्या शब्दांत, बारकाव्यांसह सांगा म्हणतो. मग सांगण्यातल्या गाठी हळूहळू दिसायला लागतात.

दिवाळीनंतर दोन महिन्यांनी दादा एका समुपदेशक ताईंकडे गेला. त्या स्वतःला अस्तित्ववादी वगैरे म्हणवत नाहीत, वेगवेगळ्या पद्धती वापरतात, त्यातली ही एक. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असंच चित्र दिसतं. ‘पॉझिटिव्ह राहा’ ऐकायच्या तयारीनं तो गेला होता. ताईंनी आधी झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का, हे सगळं स्पष्ट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, ‘आज सकाळी सातपासूनचा दिवस सांग. घाई नको.’

तो सांगत गेला. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, ‘समज, पास झालास. निकाल लागला त्या संध्याकाळी पहिला फोन कुणाला करशील?’ दादा म्हणाला, ‘बाबांना.’ ‘बाबा काय म्हणतील?’ ‘रडतील. गावात पेढे वाटतील.’ ‘आणि फोन ठेवल्यावर तू काय करशील?’

‘या प्रश्नावर मी दहा मिनिटं काहीच बोललो नाही,’ दादानं मला सांगितलं. ‘त्याही काही बोलल्या नाहीत. मला कळलं, की फोन ठेवल्यानंतरच्या आयुष्याचा मी कधी विचारच केला नव्हता. परीक्षा बाबांनी निवडली होती. मी फक्त अभ्यास निवडला होता.’

पुढच्या भेटींमध्ये बाबांना दोष देण्यावर गाडी अडकली नाही. परीक्षा सोडायची की द्यायची, हे ताईंनी सांगितलंच नाही. ‘मला फार राग यायचा, सांगून टाका ना एकदाचं,’ दादा म्हणतो. पण इथे मुद्दा तोच आहे. निवड दुसऱ्यानं करून दिली, तर दुखणं पुन्हा पहिल्या जागेवर. शेवटी त्यानं स्वतः ठरवलं. अजून एक प्रयत्न, तोही स्वतःसाठी आणि तारीख ठरवून. रविवारी सकाळी मात्र अभ्यास बंद. त्या वेळात तो मेसवाल्या काकूंच्या मुलाला आणि त्याच्या तीन मित्रांना गणित शिकवतो. फुकट.

झोप येत नाही? जागून दाखवा

फ्रँकल यांची एक युक्ती फार मजेशीर आहे. तिचं भारदस्त नाव ‘पॅराडॉक्सिकल इंटेन्शन’, म्हणजे उलटा हेतू धरणं. ज्याची भीती वाटते, तेच मुद्दाम करायला जायचं. चारचौघांत घाम फुटेल या भीतीनंच घामाघूम होणाऱ्या एका तरुण डॉक्टरला त्यांनी सांगितलं, आता लोकांना दाखवच, की तुला किती घाम येऊ शकतो! भीतीची जागा थट्टेनं घेतली आणि चक्र तुटलं. झोप येत नाही म्हणून तळमळणाऱ्यांना ते म्हणत, झोपायचा प्रयत्न सोडा, जितका वेळ जमेल तितका वेळ जागं राहायचा प्रयत्न करा. व्हायव्हाच्या आदल्या रात्री मी हे करून पाहिलं. पंखा मोजत जागी राहायचं ठरवलं आणि कधी डोळा लागला कळलंच नाही. अर्थात एका रात्रीचा अनुभव म्हणजे पुरावा नाही. आणि घाबरवणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर ही युक्ती घरच्या घरी चालवायची नसते.

गुण आणि मर्यादा

मग पुरावा काय सांगतो? २०१५ मध्ये या उपचारांवरच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यातून दिसलं, की जीवनाच्या अर्थावर थेट आणि आखीव पद्धतीनं काम करणाऱ्या उपचारांचा चांगला परिणाम होतो. इतर अस्तित्ववादी प्रकारांबद्दल मात्र निष्कर्ष फिकेच होते. न्यूयॉर्कमधले डॉ. विल्यम ब्राइटबार्ट यांनी फ्रँकल यांच्या विचारांवरून कॅन्सरच्या वाढलेल्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी खास उपचार तयार केला. त्याच्या चाचण्या झाल्या आणि रुग्णांना फायदा झाल्याचं दिसलं. तरी एकूण बघता नैराश्य आणि चिंतेच्या विकारांवर सीबीटीच्या बाजूनं कितीतरी जास्त संशोधन उभं आहे. ते मान्य करायलाच हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ‘कशासाठी?’ हा प्रश्न आजार नव्हे, पण आजार कधी कधी याच प्रश्नाचा वेश घेऊन येतो. मन सतत उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, अंगात त्राण नाही, स्वतःबद्दल घृणा. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तत्त्वज्ञान बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. तीव्र नैराश्य, बायपोलर, भास होणं यांत औषधांचं काम औषधंच करतात. फ्रँकल स्वतः मेंदू आणि मनाचे डॉक्टर होते. १९४६ पासून पाव शतक ते व्हिएन्नातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागाचे प्रमुख होते. गोळ्या आणि अर्थ यांत त्यांनी भांडण लावलं नाही.

मित्र-मैत्रिणींचंही यात काम आहे. कुणी ‘कशासाठी जगायचं?’ म्हणालं, तर ‘चल, पिक्चरला जाऊ’ म्हणून विषय बदलू नका. ‘म्हणजे नेमकं काय वाटतंय?’ एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारलं तरी चालतं. विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि मोठ्या माणसाला सांगा. गुपित राखण्याची ही वेळ नव्हे.

मदत हवी असेल तर

• ‘टेलि-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन मोफत, दिवसरात्र कधीही, मराठीतही बोलता येतं.

• मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे डॉक्टर असतात आणि औषधं देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयची नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारा.

• ‘तुम्ही कोणत्या पद्धतीनं काम करता?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. एखाद्याशी सूर जुळला नाही, तर दुसरीकडे जाण्यात गैर काही नाही.

हा लेख छापायला देण्याआधी दादाला वाचायला पाठवला. त्याचा निकाल अजून लागायचाय. मावशी अजूनही विचारते, तो अजूनही ‘लागेल’ म्हणतो. रात्री त्याचा फोन आला.

‘सगळं बरोबर लिहिलंयस. फक्त एक दुरुस्ती. खुर्चीवरचं नाव मी मागच्या महिन्यात काढलं.’

‘का रे?’

‘रिझर्व्ह सीटचे पैसे जास्त पडतात,’ तो हसून म्हणाला. ‘आता जी रिकामी दिसेल तिथे बसतो.’